पाडव्याच्या आगेमागे परतणारी लेकरं: उरलेल्या दीड महिन्यात चौथीला नेमकं काय शिकवायचं?

डोंगरपट्ट्यातली_मॅडम

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की ट्रॅक्टर लागायला लागतात आणि दिवाळीनंतर गल्लीत फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. काही लेकरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात दोन वेळा जेवतात आणि शाळेत येतात. बाकीची आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या रानात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी साताऱ्याला, कोणी पार बेळगावच्या पुढं.

परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. (वरून तेव्हाच ‘गुढीपाडवा, पट वाढवा’चा आदेश आलेला असतो. आमचा पट पाडव्याला आपोआप वाढतो, काही करावं लागत नाही.) त्या वेळी सकाळची शाळा सुरू असते, पत्रे तापायच्या आत जेवढं होईल तेवढं शिकवायचं. मेपासून सुट्टी. म्हणजे हातात धरून दीड महिना, त्यात संकलित चाचणी.

आता प्रश्न. चौथीतली एक मुलगी परवा आली. पाटीवर ५२ वजा २७ दिलं. तिनं उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहानातून मोठा जात नाही म्हणून तिनं मोठ्यातून लहान काढला, ही चूक आपण सगळ्यांनी हजारदा बघितलीय. मी पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, “तुझ्याजवळ बावन्न रुपये आहेत, सत्तावीसचा किराणा घेतला, किती राहिले?” एका दमात म्हणाली, पंचवीस. कसे गं? “सत्तावीसला तीन घातले की तीस, तिसाला वीस घातले की पन्नास, वरचे दोन. तीन न् वीस न् दोन.” आणि वर मलाच ऐकवलं, “मॅडम, वाढ्याच्या पेंढ्या मीच विकत होते की.” (वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, गुरांचा चारा.)

म्हणजे वजाबाकी येते, पण पाटीवर येत नाही. आणि ‘तोंडचं पंचवीस का पाटीवरचं ३५, कोणतं खरं?’ असं विचारल्यावर म्हणाली, “ते किराण्याचं, हे शाळेचं.”

वाचनाचंही तसंच. टोळी, कारखाना, मुकादम, ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवरची सगळी वाक्यं ती धडाधड वाचते. पुस्तकातला धडा काढला की ‘रस्त्यावर’चं ‘रसत्यावर’ होतं आणि ‘प्रयत्न’ला गाडी थांबते.

हिला आणि हिच्यासारख्या इतरांना मी काय शिकवू? राहिलेले धडे? ते गणितात निम्मं पुस्तक आहे, भाषेतही तेवढंच. की धडे सोडून दुसरीच्या हातच्यापासून सुरू करू? तसं केलं तर चाचणीत ती कोरा पेपर देणार आणि जूनमध्ये पाचवीला शेजारच्या गावात जाणार. तिथं आता वार्षिक परीक्षा आहे, पास व्हावं लागतं. आणि जी लेकरं इथंच राहिली, रोज आली, त्यांचं काय? त्यांना दीड महिना मागचंच ऐकवू?

दोन विनंत्या. पालकांचं प्रबोधन करा असं कृपया सांगू नका, ते मी करते, आणि ज्यानं मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलीय त्याला प्रबोधन नको असतं. आणि अॅप सुचवू नका. फोन बापाच्या खिशात, बाप फडात.

---

पंचगंगाकाठचा_मास्तर

मॅडम, तुमची ती पोरगी कदाचित आमच्याकडंच होती म्हणा. मी कोल्हापूर जिल्ह्यात आहे, शाळेपासून हाकेच्या अंतरावर दरवर्षी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. तुम्ही त्यांना गेलेली म्हणून बघता, आम्ही आलेली म्हणून. तेव्हा या बाजूचं थोडं सांगतो.

आईबाप पहाटेच फडात जातात. रात्री वाहन भरायला लागलं तर परत येण्याची वेळ ठरलेली नाही. कोपीत मागं राहतं ते लहान भावंड आणि त्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. आम्ही सुरुवातीला बहिणीला बोलवायचो, ती यायची नाही. मग सांगितलं, बाळाला घेऊन ये. आता कडेवर एक, हाताला एक असं येतात. बाळ वर्गात रांगतं, कधी अंगणवाडीत टाकतो. गडबड होते, पण पोरगी बसते. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तोवर हंगाम अर्धा झालेला असतो, म्हणून त्याची वाट बघत नाही. पहिली कोपी दिसली की जाऊन येतो.

पूर्वी साखरशाळा असायच्या कारखान्याच्या आवारात. शिक्षण हक्क कायदा आल्यावर धोरण बदललं, जवळच्या नेहमीच्या शाळेत घाला असं ठरलं. कागदावर बरोबर आहे. पण नाव तुमच्या पटावर, पोर आमच्या वर्गात. ऑनलाइन बदली मागितली तर तुमचा पट कमी होतो, म्हणून तुमच्याकडचे मुख्याध्यापक हात जोडतात, “नाव नका काढू सर, पद जाईल.” त्यांचंही चूक नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे) निकष बदलले तेव्हापासून पट हा शब्द काढला की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. मग आम्ही वेगळ्या वहीत हजेरी घेतो. पुस्तकं पटाप्रमाणे येतात, त्यामुळं गेल्या वर्षीच्या पोरांकडून जुनी गोळा करून देतो.

आता तुमच्या ५२ वजा २७ कडं येतो, कारण तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या पोरीला हातचा ‘पुन्हा’ शिकवू नका. तिची रीत पाटीवर उतरवा. एक आडवी रेघ मारायची, डाव्या टोकाला २७. तिथून उडी ३ ची, ३० वर. मग उडी २० ची, ५० वर. मग २ ची, ५२ वर. उड्यांवरचे आकडे बेरीज करायचे. ती जे तोंडानं बोलली तेच चित्र आहे. हे उत्तर शाळेचंही असू शकतं, हे तिला एकदा दिसू द्या. मी आमच्या पोरांकडून रेघेवर पुष्कळ उदाहरणं करून घेतो आणि तोवर उभी मांडणी दाखवतही नाही.

मग गणित पेटीतल्या खोट्या नोटा काढा. दहाच्या पाच, रुपयाची दोन नाणी. सत्तावीस काढून दे म्हणायचं. ती दोन नोटा लगेच देते, सात नाण्यांना अडते. इथं आपण बोलायचं नाही. थोडा वेळ जातो, मग पोर स्वतःच म्हणतं, “सुटे करून द्या.” दिलेल्या दोन नोटा परत तिच्यासमोर ठेवायच्या, मग एक नोट घ्यायची, दहा नाणी द्यायची. आता तिच्यासमोर काय आहे? नोटा चार, नाणी बारा. नेमक्या त्याच क्षणी पाटीवर पाच खोडून चार, दोनाच्या डोक्यावर बारा. आधी नाही, नंतर नाही. नोट मोडली तेव्हाच पाच खोडला पाहिजे. नोटा एका दिवशी आणि पाटी दुसऱ्या दिवशी केली की पुन्हा ‘हे किराण्याचं, ते शाळेचं’ होतं.

या पोरांना सुटे करणं आपल्यापेक्षा जास्त कळतं. वाढं विकताना रोज तेच चाललेलं असतं.

---

जुना_केंद्रप्रमुख

निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मॅडम, राहिलेले धडे सोडा. ठामपणे सोडा. पण तसं करताना कागद नीट ठेवा, कारण वर्गात कोण केव्हा येईल सांगता येत नाही आणि येणारा पहिल्यांदा विचारतो, “कितवा घटक चालू आहे?”

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४. शिक्षकाची कर्तव्ये. पहिल्या पोटकलमातील खंड (क) म्हणतो, संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करा. लगेच खाली खंड (ड) म्हणतो, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघा आणि त्यानुसार जादा अध्यापन द्या. दोन्ही एकाच शिक्षकाने, त्याच तासात. माझ्या सेवेत मी तपासणीला येणाऱ्यांना कायम (क)बद्दल विचारताना ऐकलं, (ड)बद्दल फार क्वचित. तुम्ही टाचणात, म्हणजे पाठाच्या रोजच्या टिपणात, सरळ लिहा: कलम ४ व २४ नुसार विशेष अध्यापन, स्तरनिहाय गट, अमुक मुले, अमुक स्तर. कलम ४ हे वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याच्या हक्काचं. ते शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी लिहिलेलं आहे, हंगामी स्थलांतराचा शब्द त्यात नाही हे खरं, पण आधार घ्यायला पुरेसं आहे. सही, तारीख, विषय संपला.

आता वर्गाचं. तिसरी-चौथी असा विचार दीड महिना बंद करा. सर तयार असतील तर पहिली ते चौथी एकत्र करा आणि रोजचा पहिला दीड तास स्तरांचा ठेवा. त्यासाठी आधी स्तर तपासा: मुलाला एकेकट्याने पुढ्यात बसवायचं, वाचनाला अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणिताला संख्या ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात हीच साधनं वापरतात, काही मिनिटांत एक मूल होतं. लेखी घेऊ नका. लेखी घेतली की तुमची ती मुलगी ‘वजाबाकी येत नाही’ या गटात जाते, आणि तुम्ही तिला ९ वजा ४ शिकवायला लागता. तोंडी आणि लेखी असे दोन रकाने करा. ज्यांचं तोंडी येतं आणि लेखी अडतं ते वेगळे बसवा. त्यांना आठ-दहा दिवस लागतील, महिना नाही. ज्यांचं दोन्ही अडतं त्यांना खरा वेळ द्या.

हजर राहिलेल्या मुलांची काळजी करता ती योग्यच. पण जरा तपासून बघा. रोज हजर असलेल्या चौथीच्या मुलांनाही तीच तपासणी लावा. मी कित्येक शाळांत लावली आहे. गटांत ऊसतोडीची आणि गावातली मुलं आपण समजतो त्याहून जास्त सरमिसळ निघतात. जी खरोखर गोष्टीच्या स्तरावर आहेत त्यांना दीड तास ग्रंथपेटीची पुस्तकं आणि स्वतंत्र लिखाण द्या. त्यांना आपली गरज असते त्यापेक्षा आपण त्यांना जास्त थांबवून ठेवतो.

पाचवीच्या परीक्षेबद्दल. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, राज्याने २०२३ मध्ये नियम केला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. ती जूनच्या सुमारास होते, तेव्हा ही मुलं गावातच असतात. म्हणून पाचवीच्या शिक्षकाला आत्ताच भेटा. निकालाला घाबरून चौथीतल्या मुलीला पाचवीचे प्रश्नप्रकार रटवू नका, एवढंच. परीक्षा असावी की नसावी यावर माझं मत आहे, पण हंगामात पाच महिने बाहेर असलेल्या मुलाला जो पेपर आणि पुण्यात वर्षभर बसलेल्याला जो पेपर, तो एकच असेल तर आपण नेमकं कोणाला तपासतोय, हे कोणीतरी विचारायला हवं.

---

चौथी_ब

मी महापालिका शाळेत आहे त्यामुळे तुमच्याइतका अनुभव नाही. अॅप नको म्हणालात ते कळलं. पण आमच्याकडे बांधकामावरची मुलं येतात-जातात, त्यांच्यासाठी मी एका गोष्टीचे दोन-तीन मिनिटांचे आवाजी संदेश पाठवते. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. रात्री वडील घरी आले की मूल ऐकतं. डेटा फार लागत नाही. फडावर हे चालेल का?

---

डोंगरपट्ट्यातली_मॅडम

ताई, मनापासून विचारलंत म्हणून सांगते. दोन घरी चाललं. बाकीच्यांकडं रात्री फोनवर मुकादम असतो, उद्या गाडी कुठं लावायची ते. चार्जिंगसुद्धा ट्रॅक्टरवर होतं. पण आवाजी संदेश मुलांकडून *मला* येतात हे मात्र खरं. एकानं मला सगळा पाढा म्हणून पाठवला होता, मागं कोयत्याचे आवाज. सतराच्या पाढ्यात चूक होती, मी त्याला परत संदेश पाठवला, त्यानं दुरुस्त करून पुन्हा पाठवला. तेवढं जमतं.

केंद्रप्रमुख सर, तोंडी-लेखी दोन रकान्यांचं एकदम पटलं. काल घेतलं. चौथीतली रोज हजर असणारी दोन लेकरं हातच्याला अडली आणि फडावरून आलेला एकजण भागाकार करून बसला. तुमचं म्हणणं आमच्या वर्गातच खरं निघालं, काय बोलणार.

---

फडावर_वाढलेला

मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो कारण हा धागा दीड महिन्याबद्दल चाललाय आणि मला वाटतं खरा प्रश्न पोळ्याचा आहे.

माझे आईवडील कोयता होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवराबायको मिळून एक कोयता, हिशोब जोडप्याचा असतो. मी तिसरीपर्यंत फडावर जात होतो, चौथीपासून आजीजवळ राहिलो. आज माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. या सगळ्यात माझ्या हुशारीचा भाग कमी आहे. त्या वर्षी आजोबा वारले, आजी एकटी झाली, तिला कोणीतरी सोबत पाहिजे होतं. म्हणून मला ठेवलं. माझा धाकटा भाऊ गेला. तो आज कोयता आहे.

शाळेचं सर्वेक्षण कधी होतं? सप्टेंबर-ऑक्टोबर. वसतिगृहाचे प्रस्ताव कधी जातात? त्याच्या आसपास. मंजुरी येईपर्यंत अर्धी टोळी पोचलेली असते. आणि उचल कधी घेतली जाते? पावसाळ्यात. पेरणीला पैसे पाहिजेत, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, मुकादम आषाढ-श्रावणात दारात येतो. उचल घेताना घरात हिशोब होतो: किती कोयते जाणार, सांभाळायचं लेकरू कोण, स्वयंपाकाला कोण, मोठी पोरगी अर्ध्या कोयत्याला पुरेल का. पोळ्यापर्यंत हे ठरलेलं असतं. दसऱ्याला तुम्ही दारात जाता तेव्हा तुम्ही झालेल्या व्यवहाराबद्दल बोलत असता.

मॅडम, तुम्ही म्हणालात प्रबोधन सांगू नका. बरोबर. पण तुमच्याकडं प्रबोधनापेक्षा जास्त काहीतरी आहे, ते म्हणजे वसतिगृह. ते मंजूर व्हायच्या आधी, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह, जुलैत गावात जाहीर करा. यंदा अमुक मुलं इथं जेवतील, अमुक आजी सांभाळतील. नावानिशी. उचलीच्या बोलणीत ते एक वजन म्हणून वापरता येतं. “पोरगा इथं राहतोय, मग दोघंच येऊ” असं माझ्या वडलांना तरी म्हणता आलं असतं.

आणि जी लेकरं परत येतात त्यांच्याबद्दल एकच. वर्गात शिरल्यावर “काय रे, आता आलास का?” असं सर म्हणायचे. माझ्यासाठी नाही, सगळ्यांनाच म्हणायचे, सवय होती. पण मग मी चार दिवस मागं बसायचो.

---

जुना_केंद्रप्रमुख

यांनी लिहिलेलं शासनस्तरावर कोणी वाचेल तर बरं. जुलैतला ठराव ही कल्पना अमलात आणता येण्याजोगी आहे, तिला पैसे लागत नाहीत. एक भर घालतो: हंगाम दरवर्षी सारखा नसतो. २०२१-२२ ला ऊस एवढा होता की मराठवाड्यात काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत चाललं. त्या वर्षी पाडव्याला परत येणारी मुलं शाळेची सुट्टी संपायच्या वेळी आली. तुमचा दीड महिन्याचा आराखडा अशा वर्षी जून-जुलैत सरकवता आला पाहिजे. म्हणून तो ‘एप्रिलचा कार्यक्रम’ म्हणून नव्हे तर ‘परतीचा कार्यक्रम’ म्हणून लिहा.

---

डोंगरपट्ट्यातली_मॅडम

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहिते, कारण असेच प्रश्न असणारे आणखी लोक वाचत असतील.

रेघेवरच्या उड्या सुरू केल्या. पहिल्याच दिवशी त्या मुलीनं ५२ वजा २७ केलं, मग स्वतःहून ८१ वजा ४६ मागितलं. उड्या: ४, मग ३०, मग १. उत्तर ३५. आणि लगेच म्हणाली, “मॅडम, परवाचं माझं ३५ हे इथलं होतं!” वर्ग हसला. ती पण. नोटा मोडायचं उद्यापासून. मास्तर, तुमचं ते ‘आपण बोलायचं नाही’ फार अवघड आहे हो. माझ्या तोंडातून ‘दशकाकडून उसना घे’ निघतंच. सरांना सांगून ठेवलंय, मी बोलले की खोकायचं.

वाचनासाठी जोडाक्षरांचा तक्ता गुंडाळून ठेवला. त्याऐवजी त्यांच्याच बोलण्यातून शब्द काढले: ट्रॅक्टर, ट्रॉली, रस्ता, पत्रा, मिस्त्री, पट्टा, गव्हाण, कुट्टी, दुष्काळ. ट्रॅक्टर ती आधीच बघून वाचत होती, एकेक अक्षर फोडून नाही. मग फळ्यावर ट्रॅक्टर लिहून त्यातला ‘ट्र’ खडूनं गोल केला, पत्रातला ‘त्र’, मिस्त्रीतला ‘स्त्र’. ‘प्र’ला तिला कोणी सांगावं लागलं नाही. हे काही मी शोधलेलं नाही, डीएडला शिकवलेलंच आहे, फक्त दीड महिन्यात तक्ता संपवायच्या नादात ते बाजूला पडतं.

दीड तासाचा गट सर आणि मी मिळून चालवतो. पहिलीतली दोन पोरं गोष्टीच्या गटात निघाली आणि चौथीचा एकजण शब्दांच्या. त्याला लहानांबरोबर बसायची लाज वाटेल म्हणून त्याला ग्रंथपेटीचा प्रमुख केलं. वह्या वाटतो, पुस्तकं मोजतो, आणि मधल्या वेळात शब्द वाचतो. चाललंय.

आता पोळ्याचं. फडावर_वाढलेला सर, तुमचं वाचून मी रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. ठराव जुलैत करायचा हे पक्कं, अध्यक्षांशी बोलणं झालं. पण एक अडचण आहे ती तुम्हाला माहीत असेलच, तरी इथं लिहायलाच पाहिजे. हंगामी वसतिगृहात आमच्याकडं जेवण मिळतं, झोपायला लेकरू आजीच्या घरी. मुलगा असेल तर आईबाप ठेवतात. मुलगी दहा वर्षांची झाली की “म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवू?” आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हातारीला रात्री दिसत नाही, घराला कडी धड नाही. त्यामुळं आमच्या गावात राहणाऱ्यांत मुलगे जास्त आणि जाणाऱ्यांत मुली जास्त. आणि त्याच मुली पुढं सातवी-आठवीत लग्न करून नवा कोयता होतात. जुलैतल्या ठरावात मुलींच्या रात्रीच्या मुक्कामाचं काय लिहायचं ते मला सुचत नाही. दोन-तीन आज्या एका घरात, शेजारी अंगणवाडीताईंचं घर, असं काहीतरी डोक्यात आहे. शासनाच्या निवासी योजना आहेत, संत भगवानबाबांच्या नावानं तालुक्याला वसतिगृहं काढलीत, पण ती मोठ्या मुलांसाठी. तिसरी-चौथीच्या मुलीला तालुक्याला कोण ठेवणार. कोणी गावातच अशी सोय केली असेल तर सांगा, ठराव लिहायच्या आत हवंय.

मास्तर, तुमच्याकडं एक मागणं. बाहेरगावी जाणाऱ्या लेकरांना शिक्षण हमी कार्ड आम्ही देतो, त्यावर इयत्ता, हजेरी, सही-शिक्का. तुमच्याकडून परत येताना त्यावर तेवढंच येतं. पुढच्या हंगामात कार्डाला एक कोरं पान टाचणी लावून देऊ का? आम्ही लिहू ‘तोंडी वजाबाकी येते, लेखी नाही, उड्यांवर चालू आहे’. तुम्ही त्याखाली पुढचं लिहायचं.

---

पंचगंगाकाठचा_मास्तर

द्या की. पण टाचणी नको, कोपीत भिजतं आणि गळतं. दोनशे पानी वही द्या, पुठ्ठ्याची, वर प्लास्टिक घाला. पहिल्या पानावर तुमचं, मग आमचं. मधली पानं पोराला. माझ्या अनुभवानं वही असली की पोर दुसऱ्या फडावर गेलं तरी तिथल्या शाळेत स्वतःच दाखवतं, कार्ड मात्र बापाच्या ट्रंकेत राहतं.

मुक्कामाचं आमच्या बाजूला करता येण्यासारखं काही नाही. पण एक करा: लहान भावंडासाठीच मुलीला नेत असतील तर बाळाचं काय करणार ते आधी विचारा. आमच्याकडं येणाऱ्या पोरींपैकी बऱ्याच जणी फक्त बाळासाठी आलेल्या असतात, कामासाठी नाही. बाळ आजीकडं राहिलं तर पोरगीही राहते. आणि बाळ अंगावर पीत असेल तर मग तो विषय तिथंच संपतो, ती येणारच, तेव्हा वही तिच्या हातात द्या आणि गावाचं नाव वहीवर मोठ्या अक्षरात लिहा.